लाइट लागला की मासे दडतात: बुजऱ्या माशांना उजेडाची सवय लावताना

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. टाकीला नवा एलईडी लावला, झाडे झकास दिसू लागली, पाणी काचेसारखे स्वच्छ आहे, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते मासे मात्र लाकडामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात घोळका करून उभे आहेत. लाइट बंद केला की थोड्या वेळाने हेच मासे टाकीभर फिरू लागतात. मग मालक उजेड कमी करतो आणि मासे बाहेर येतात. महिन्याभरात झाडे खंगू लागतात म्हणून तो उजेड पुन्हा वाढवतो आणि मासे पुन्हा दडतात. माझ्या स्वतःच्या टाकीत हे चक्र दोन वर्षांत चार वेळा फिरले. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. वाळू आणि लाकूड वजा जाता तिच्यात साधारण १६० लिटर पाणी मावते, आणि तिच्यात २४ कार्डिनल टेट्रा व सहा कुली लोच आहेत. जुनी दोन फुटी ट्यूब काढून मी जो एलईडी लावला, त्याचा उजेड ट्यूबच्या जवळजवळ चौपट होता. त्या संध्याकाळी सात वाजता मोजले तेव्हा २४ पैकी पाच टेट्रा दिसत होते.

चौथ्या वेळी मला जे उमगले ते आधी सांगतो. लाइट लागल्यावर मासे दडतात तेव्हा एकाच लक्षणाखाली दोन वेगळी दुखणी असतात. पहिले म्हणजे लाइट लागण्याच्या क्षणी बसणारा दचका, जो अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो. दुसरे म्हणजे दिवसभर दडून राहणे, जे आठवडेच्या आठवडे चालते. पहिल्यावर उपाय वेळेचा आहे, दुसऱ्यावर सावलीचा. आपण दोन्हींवर एकच औषध देतो, ते म्हणजे डिमरचे बटण, आणि म्हणून दुखणे उलटते.

खरोखर उजेडाचेच कारण आहे का

उपायांकडे वळण्यापूर्वी दोष उजेडाचाच आहे याची खात्री करून घ्यावी, कारण कोणत्याही दुखण्यात मासा आधी दडूनच बसतो. पाण्यात अमोनिया किंवा नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्ये असतील, अंगावर पांढरे ठिपके येऊ लागले असतील, एखादा मोठा मासा सतत पाठलाग करत असेल किंवा मासे आणून चारच दिवस झाले असतील, तरी चित्र हेच दिसते.

पडताळणी सोपी आहे. एका सुट्टीच्या दिवशी टाकीचा लाइट लावूच नये. खोलीत दिवसाचा जो मंद उजेड येतो, त्यात टाकीपासून पाच-सहा फूट दूर शांत बसावे आणि तासाभराने मासे मोजावेत. मासे मोकळ्या जागेत असतील, पर पसरलेले असतील आणि टाकलेले खाद्य पाण्याच्या मध्यावर येऊन खात असतील, तर कारण उजेडाचे आहे असे समजून पुढे जावे. लाइट बंद असतानाही मासे कोपरा सोडत नसतील, कल्ले भराभर हलत असतील किंवा मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड मिटत-उघडत असतील, तर आधी पाणी तपासावे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यच असायला हवेत, थोडे असले तर चालते असे नाही. ते आढळल्यास एक तृतीयांश पाणी बदलावे, खाद्य दोन दिवस थांबवावे, आणि उजेडाचा प्रश्न पाणी सुधारल्यावर हाती घ्यावा. मे महिन्यात टाकीचे पाणी तिशीच्या पुढे गेले की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे सुस्तावतात. त्या दिवसांत काढलेला कोणताही निष्कर्ष मी पावसाळ्यात पुन्हा तपासतो.

सकाळी लाइट लागल्यावर मासे फिके दिसतात म्हणूनही अनेक जण घाबरतात. ते फिकेपण आजाराचे नसते. निऑन टेट्राची निळी पट्टी रात्री जांभळट आणि निस्तेज होते आणि उजेडात काही वेळाने पुन्हा खुलते. दुपारी दोन वाजताही रंग परतला नसेल तर मात्र लक्ष द्यावे.

आणखी एक गोष्ट चुकीच्या कारणाला जोडली जाते. टाकी खिडकीशेजारी असेल आणि कोवळे ऊन एका बाजूने आत येत असेल, तर काही मासे किंचित तिरके होऊन पोहताना दिसतात. उजेड वरून येतो हे माशाच्या शरीराने गृहीत धरलेले असते, त्यामुळे तो पाठ उजेडाकडे वळवू पाहतो. तोल सांभाळणारे अवयव आणि डोळे यांच्या ओढाताणीतून हा तिरकेपणा येतो. खिडकीला पडदा लावावा, औषध आणू नये.

लाइट लागताना बसणारा दचका

अंधारातून उन्हात आल्यावर माणूस डोळे मिचकावतो आणि त्याची बाहुली क्षणात बारीक होते. माशाला पापणी नाही, आणि बहुतेक माशांची बाहुली लहानमोठीही होत नाही. त्यांचा डोळा उजेडाशी जुळवून घेतो तो दृष्टिपटलात. उजेड पडला की दृष्टिपटलामागच्या थरातले काळे रंगद्रव्य पुढे पसरते, मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी लांब होऊन त्या रंगद्रव्याच्या आड जातात आणि दिवसाच्या उजेडासाठी असलेल्या शंकुपेशी आखडून पुढे येतात. हे सगळे प्रत्यक्ष सरकण्याचे काम असल्याने त्याला अर्धा तास ते तासभर लागतो. आपण बटण दाबतो ते एका क्षणात. मधल्या काळात माशावर जे गुदरते ते थिएटरातून भर दुपारी रस्त्यावर आलेल्या माणसासारखे असते. फरक इतकाच की माशाला डोळे झाकता येत नाहीत. म्हणून तो आडोशाला धावतो, काचेवर आपटतो आणि झाकणाला फट असेल तर बाहेर उडी मारतो. सकाळी फरशीवर वाळलेला मासा ज्याने उचलला आहे, त्याला झाकणातली हीटरच्या वायरीची फट बुजवायला कोणी सांगावे लागत नाही.

याच रचनेमुळे अल्बिनो माशांचा प्रश्न वेगळा आहे. पांढरे कोरीडोरस, पांढरे टायगर बार्ब किंवा पांढरा ऑस्कर यांच्या डोळ्यात ते काळे रंगद्रव्यच नसते, त्यामुळे पडदा पसरायला मुळात पडदाच नाही. तीव्र उजेडाने त्यांच्या डोळ्यांना खरोखर इजा होऊ शकते. अशा माशांना उजेडाची सवय लावण्याच्या फंदात पडू नये, टाकीच मंद ठेवावी.

दचक्यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. टाकीचा लाइट लावण्याआधी अर्धा तास खोलीतला दिवा लावावा किंवा पडदे उघडावेत, आणि रात्री टाकीचा लाइट आधी बंद करून खोलीतला दिवा अर्ध्या तासाने मालवावा. दुसरा भाग लोक विसरतात. अंधाराशी जुळवून घ्यायलाही डोळ्याला तितकाच, किंबहुना थोडा जास्त वेळ लागतो, आणि लख्ख उजेडातून एकदम काळोख झाला की मासे दिसेल तिकडे धडपडतात. ज्यांच्या एलईडीला पहाट-संध्याकाळची सोय आहे, म्हणजे उजेड आपोआप हळूहळू चढतो-उतरतो, त्यांनी तो काळ किमान अर्धा तास ठेवावा. पाच-दहा मिनिटांची पहाट माणसाला सुंदर दिसते, माशाच्या डोळ्याला ती अपुरी पडते.

टायमरबद्दल एक सूचना आपल्याकडच्या विजेला धरून देणे भाग आहे. पिना असलेला, चाकासारखा फिरणारा स्वस्त टायमर वीज गेली की थांबतो. दुपारी तीन तास वीज नसेल तर त्याचे घड्याळ तीन तास मागे पडते, आणि संध्याकाळी नऊला बंद व्हायचा लाइट मध्यरात्री बारापर्यंत जळत राहतो. दुसऱ्या दिवशीही तो तीन तास उशिराच लागतो. माझ्या चार खेपांपैकी एकीचे मूळ निव्वळ यात होते. मी पाणी तपासत बसलो होतो आणि मासे रोज वेगळ्या वेळी उजाडण्याने बावचळले होते. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर थोडा महाग पडतो, पण तो वेळ विसरत नाही. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फिल्टर किंवा हवेचा पंप जोडावा, टाकीचा लाइट जोडू नये. वीज गेल्यावर माशांना प्राणवायूची गरज असते, उजेडाची नाही. आणि रात्री वीज परत आल्यावर टाकी भक्कन उजळण्याचा प्रसंगही त्यामुळे टळतो.

उजेडाचा एकूण कालावधी सहा ते आठ तास पुरतो. दिवाणखाना सुशोभित दिसावा म्हणून सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत लाइट ठेवणे झाडांनाही नको असते, ते शेवाळाला हवे असते. संध्याकाळी घरी आल्यावर मासे पाहायचे असतील तर दुपारी दोन ते रात्री दहा ही वेळ ठेवावी. मध्ये चार तासांची विश्रांती देऊन उजेडाचे दोन तुकडे करण्याची पद्धत झाडांच्या टाकीसाठी अनेक जण वापरतात. बुजऱ्या माशांच्या टाकीत ती मला पसंत नाही, कारण तिने दचक्याचे प्रसंग दोनाचे चार होतात.

दिवसभराचे दडणे

आता मुख्य दुखण्याकडे येऊ. बाजारात मिळणाऱ्या बुजऱ्या माशांपैकी बरेचसे अशा पाण्यातले आहेत जिथे ऊन थेट पोहोचत नाही. कार्डिनल टेट्रा ब्राझीलच्या रिओ नेग्रो नदीच्या वरच्या खोऱ्यातला आणि ओरिनोको नदीच्या पाण्यातला आहे. १९५६ मध्ये शास्त्राला माहीत झालेला हा मासा आजही मोठ्या प्रमाणावर रिओ नेग्रोकाठच्या बार्सेलोस गावाच्या परिसरात जंगलातल्या ओढ्यांतून पकडला जातो. तिथले पाणी कुजलेल्या पानांच्या अर्काने कोऱ्या चहाच्या रंगाचे झालेले असते, आणि घनदाट जंगलाच्या छताखाली वरच्या उजेडापैकी जेमतेम एक ते दोन टक्के उजेड खाली उतरतो. या माशाच्या अंगावरची निळी पट्टी आपल्याला शोभेची वाटते. त्या तपकिरी अंधारात ती एकमेकांना सापडण्यासाठीची खूण असावी असे मानतात. हार्लेक्विन रासबोरा, चॉकलेट गोरामी, कुली लोच हे आग्नेय आशियातले मासेही अशाच पानगळीच्या पाण्यातले आहेत.

अशा माशाला मोकळ्या, लख्ख पाण्यात उभे राहणे म्हणजे वरून झडप घालणाऱ्या पक्ष्याला आमंत्रण देणे. आपल्या ओढ्याकाठी खंड्या आणि बगळा जे काम करतात, ते तिकडे त्यांचे भाऊबंद करतात. टाकीत खंड्या येणार नाही हे माशाला ठाऊक नसते. वरचे सगळे जग त्याला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते, जिचा कोन साधारण ९७ अंशांचा असतो, आणि झाकण उघडून आत येणारा आपला हात त्या खिडकीत अचानक उगवतो.

म्हणून प्रश्न विचारायचा तो असा: टाकीत उजेड किती आहे यापेक्षा, माशाच्या डोक्यावर छप्पर किती आहे? मी लाइट पूर्ण ताकदीवर ठेवून फक्त छप्पर वाढवले तेव्हा दृश्य माशांचा आकडा पाचावरून अकरावर गेला. तोवर डिमरला हातही लावला नव्हता.

छपराचा सगळ्यात चांगला प्रकार म्हणजे तरंगणारी झाडे. साल्व्हिनिया, फ्रॉगबिट किंवा लहान पानांची पिस्टिया यांनी पृष्ठभागाचा तिसरा ते अर्धा भाग झाकावा, सगळा नाही. मी काळ्या एअरट्यूबचा एक गोल करून तो पाण्यावर सोडला आहे. झाडे त्या गोलाबाहेर राहतात आणि गोलातून उजेडाचा झोत खालच्या झाडांवर पडतो. त्यामुळे टाकीत उजेड आणि सावली अशा दोन वस्त्या तयार होतात, आणि मासा सावलीच्या काठावर राहून उजेडात डोकावायला शिकतो. पहिले काही दिवस मासे सावलीच्या आत राहतात, मग काठावर येतात, मग झोत ओलांडून पलीकडच्या सावलीत जातात, आणि एक दिवस झोतातच थांबतात. हे पाहायला मिळावे म्हणूनच सावली एका कोपऱ्यात न करता टाकीच्या दोन्ही टोकांना करावी. एकच कोपरा अंधारा असेल तर मासे तिथेच ठाण मांडतात.

तरंगणारी झाडे भराभर वाढतात आणि दर आठवड्याला मूठभर काढावी लागतात. काढलेली झाडे कुंडीत खत म्हणून घालावीत किंवा वाळवून ओल्या कचऱ्यात द्यावीत. नदीत किंवा तळ्यात कधीही टाकू नयेत. जलपर्णीने मुळा-मुठेचे आणि पवनेचे काय केले आहे ते पुण्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. उलट दिशेने, नदीतून झाडे आणून टाकीत घालणेही टाळावे, कारण त्यांच्याबरोबर गोगलगायी, जळवा आणि सांडपाण्यातले काहीही येऊ शकते.

दुसरे छप्पर पाण्याच्या रंगाचे. आपल्याकडे सोसायट्यांच्या आवारात आणि शाळांच्या मैदानांवर देशी बदामाची झाडे सर्रास असतात, आणि हिवाळ्यात त्यांची पाने तांबडी होऊन गळतात. हीच पाने परदेशातले हौशी लोक पाकिटातून विकत घेतात. गळून पूर्ण तपकिरी झालेली पाने वेचावीत, हिरवी तोडू नयेत. रहदारीच्या रस्त्यावरची आणि फवारणी झालेल्या झाडांखालची वगळावीत. वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी चोळून धुवावीत आणि उन्हात कडकडीत वाळवून डब्यात भरून ठेवावीत. टाकीत घालताना चाळीस-पन्नास लिटरला एक मोठे पान पुरते. पान दोन-तीन दिवस तरंगते, मग भिजून तळाला बसते, आणि आठवड्याभरात पाण्याला फिक्या चहाची छटा येते. तीन-चार आठवड्यांत पानाची जाळी उरते, ती काढून नवे पान घालावे. पानांमुळे पाणी आम्लधर्मी होईल अशी भीती असते. बोअरचे जड पाणी असेल तर पीएचमध्ये फारसा फरक पडत नाही. मऊ पाण्यात मात्र पीएच उतरू शकतो, म्हणून अशा टाकीत एका पानाने सुरुवात करून मोजत जावे. फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा असेल तर तो हा सगळा रंग शोषून घेतो, तेव्हा आधी तो काढावा.

तिसरी गोष्ट तळ आणि मागची काच. पांढरी वाळू किंवा पांढरे खडे वरचा उजेड परत वर फेकतात आणि माशाला खालूनही उजेड लागतो, जे निसर्गात या माशांना सहसा भोगावे लागत नाही. वाळू बदलणे जिवावर येत असेल तर तिच्यावर वाळलेली पाने पसरावीत. मागच्या आणि एका बाजूच्या काचेला बाहेरून काळा कार्डपेपर चिकटवावा. खोली अंधारी आणि टाकी उजळलेली असली की काच आतून आरशासारखी होते आणि माशाला आपलेच प्रतिबिंब हलताना दिसते. कागद चिकटवायला दहा मिनिटे लागतात, आणि आजवर हा उपाय ज्यांना सुचवला त्यांच्यापैकी निम्म्यांना पुढचे काही करावेच लागले नाही.

अनेकांना वाटते की आडोसे वाढवले तर मासे आणखी दडतील. अनुभव उलटा आहे. पळून जायला जागा शेजारीच आहे हे माशाला कळले की तो मोकळ्या जागेत येण्याचे धाडस करतो. दुकानातल्या उघड्या, पांढऱ्या, ट्यूबलाइटच्या टाकीत हेच मासे समोर फिरताना दिसतात ते धीट असतात म्हणून नव्हे, तर दडायला जागाच नसते म्हणून. त्यांचे रंग तिथे किती उतरलेले असतात ते पाहावे.

उजेड चढवण्याचा क्रम

छप्पर झाल्यावर उजेड वाढवायला घ्यावा. डिमर असेल तर पहिला आठवडा तीस टक्क्यांवर ठेवावा आणि पुढे दर चार दिवसांनी पाच ते दहा टक्के वाढवावा. प्रत्येक वाढीनंतर दुसऱ्या दिवशी ठरावीक वेळी मासे मोजून लिहून ठेवावेत. आकडा घसरला तर एक पायरी खाली येऊन तिथे आठवडाभर थांबावे. घाईने उजेड वाढवला की मासे दडतातच, शिवाय झाडांनी जम बसवण्याआधी काचेवर शेवाळ धरते.

डिमर नसेल तर खिडक्यांना डासांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी घ्यावी, टाकीच्या काचेच्या झाकणाएवढी कापावी आणि तिचे चार पदर झाकणावर, म्हणजे लाइटच्या खाली, अंथरावेत. लाइटवर ती कधीही गुंडाळू नये, दिव्याची उष्णता अडते. माझ्याकडच्या जाळीचा एक पदर सुमारे तिसरा हिस्सा उजेड अडवतो. हे मी मोबाइलमधल्या लक्स, म्हणजे पडणारा उजेड, मोजणाऱ्या अ‍ॅपवर पाहिले. ते अचूक नसते, पण आधी आणि नंतर अशी तुलना करण्यापुरते पुरते. या हिशोबाने चार पदरांखाली पाचवा हिस्सा उजेड उरतो, तीन पदरांखाली तीस टक्के, दोनांखाली पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास. दर आठवड्याला एक पदर काढला की महिन्याभरात टाकी उघडी होते. मी शेवटचा एक पदर अर्ध्या टाकीवर कायमचा ठेवला आहे. लाइट साखळ्यांनी वर उचलण्यानेही उजेड कमी होतो, पण तो खोलीभर पसरतो आणि डोळ्यांत येतो, म्हणून छोट्या घरात मी तो मार्ग सुचवत नाही.

मुळात किती उजेड हवा याचा ढोबळ हिशोब असा की लिटरमागे दहा ते वीस ल्युमेन (दिव्याच्या एकूण उजेडाचे माप) हा मंद, वीस ते चाळीस हा मध्यम आणि त्यापुढचा तीव्र. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन ही झाडे मंद उजेडात वर्षानुवर्षे टिकतात. केवळ हीच झाडे असतील तर तीव्र उजेडाचा आग्रह का धरायचा, हा प्रश्न मालकाने स्वतःला एकदा विचारावा. तांबड्या पानांची झाडे आणि गालिच्यासारखी पसरणारी झाडे असतील तरच पुढची मेहनत सार्थकी लागते.

सोबत आणि खाणे

टेट्रा, रासबोरा, काचमासा हे थव्याने जगणारे आहेत. चार-पाच आणले तर ते कोणत्याही उजेडात बुजरेच राहतात, किमान आठ ते दहा हवेत. आपल्या सह्याद्रीतला मिस केरळ याचे उत्तम उदाहरण आहे. २०१३ मध्ये ज्या प्रजातीला (जीनसला) सह्याद्रिया असे नाव देण्यात आले, त्यातला हा मासा केरळ-कर्नाटकातल्या स्वच्छ, वाहत्या ओढ्यांतला. तरीही दोन फुटी टाकीत दोनच ठेवले तर ते फिल्टरमागे दडून राहतात. तिथे डिमरशी खेळून काही साधत नाही. जागा आणि सोबती वाढवावे लागतात. बुजऱ्या थव्यात सहा-आठ झेब्रा डॅनिओ सोडणे हाही जुना आणि गुणकारी उपाय आहे, कारण पृष्ठभागावर निर्धास्त फिरणारे मासे पाहून खालच्यांना धोका नसल्याची खूण पटते.

खाद्य सावलीच्या काठावर, रोज त्याच जागी आणि लाइट लागून तासभर झाल्यावर द्यावे. आठवड्याने ती जागा बोटभर उजेडाकडे सरकवावी.

समस्या परत का येते

सगळे सुरळीत झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी मासे पुन्हा दडले, तर आधी गेल्या आठवड्यात आपण काय केले ते आठवावे. माझ्या नोंदवहीत तीन कारणे पुन्हा पुन्हा येतात. झाडांची एकदम छाटणी केली की छप्पर गेले. निम्मे पाणी बदलले की चहाची छटा निम्मी झाली आणि तोच लाइट माशांना दीडपट वाटू लागला. आणि काचेवरचे, झाकणावरचे शेवाळ खरवडले की उजेड वाढला. झाकणाच्या आतल्या बाजूला साचणारा क्षारांचा पांढरा थर किती उजेड अडवतो हे तो पुसल्यावरच कळते. दिवाळीच्या सफाईत मी ही तिन्ही कामे एकाच रविवारी उरकली आणि २४ पैकी २१ मासे चार दिवस दिसले नाहीत. आता छाटणी एका आठवड्यात, झाकण पुढच्या आठवड्यात आणि पाणी दर आठवड्याला वीस टक्के असा क्रम ठेवला आहे. पाणी बदलण्यासाठी बादलीत आदल्या दिवशी एक बदामाचे पान घालून ठेवतो, म्हणजे नवे पाणीही रंग घेऊनच टाकीत जाते. ज्या दिवशी यातले कोणतेही मोठे काम होते, त्या दिवशी लाइट लावतच नाही, आणि पुढचे तीन दिवस जाळीचा एक पदर परत येतो.

कुली लोचबद्दल मात्र कोणी आशा ठेवू नये. तो मुळात रात्रीचा मासा आहे. सहाच्या सहा लोच एकाच वेळी मी लाइटखाली पाहिलेले नाहीत. ते नीट आहेत ना हे पाहायचे असेल तर लाइट बंद झाल्यावर तासाभराने, टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावून, उजेड वाळूवर न रोखता समोरच्या भिंतीवर टाकून पाहावे. लाल उजेड माशांना दिसतच नाही हा समज खरा नाही, गोल्डफिशला तर लाल रंग चांगला दिसतो. पण मंद आणि परावर्तित उजेडाने लोच पळत नाहीत, आणि पानांच्या जाळीतून एकामागून एक बाहेर येणारी त्यांची पट्टेदार अंगे मोजता येतात. काल रात्री सहा भरली.